घोडीनं न खाल्लेली डाळ

जयपूरच्या आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकाच्या संपादकांचा निरोप आला तेव्हा मी एका लॅब्रॅडॉरच्या कानातल्या गोचिड्या काढत होते. निरोप फार सभ्य होता. ‘आपल्या दवाखान्याची मार्गदर्शक मूल्ये’ या विषयावर मी लिहावं, शक्यतो पाच मुद्द्यांत लिहावं, भाषा प्रेरणादायी असावी आणि सोबत एक हसरा फोटो पाठवावा. संपादक तरुण आहेत, मानसरोवरला राहतात, सॉफ्टवेअरमध्ये काम करतात. मागच्या फेब्रुवारीत विद्याधर नगरच्या रस्त्यावर एका वरातीत ते माझ्यापासून चार हातांवर नाचत होते. ते त्यांना आठवत नसावं, किंवा मी विसरले असेन असं ते धरून चालले असावेत. मी विसरलेले नाही. म्हणून तर लिहायला बसले आहे. हसरा फोटो मात्र मिळणार नाही.

मी मूळची अमरावतीची. नवऱ्याची विमा कंपनीतून जयपूरला बदली झाली, बनी पार्कात एका जुन्या घराचा तळमजला मिळाला आणि मागच्या अंगणात मी जनावरांचा दवाखाना काढला. पुढे नवऱ्याची परत बदली झाली तेव्हा तो एकटाच गेला आणि निवृत्त होऊन इथेच परत आला. बाकीचा इतिहास सांगत बसत नाही, तो कुणालाच ऐकायचा नसतो. एवढं सांगते की कुत्री-मांजरी सगळेच बघतात. मी घोडेही बघते. साडी नेसलेली बाई घोड्याचा खूर मांडीवर घेऊन बसलेली पाहून सुरुवातीला गल्लीतली पोरं हसायची. आता ती पोरं आपापली कुत्री घेऊन येतात.

माझ्या दवाखान्यात मूल्यांची पाटी नाही. भिंतीवर एक कॅलेंडर आहे आणि मांजरींनी ओरबाडून काढलेला रंग आहे. नवीन डॉक्टर कामाला लागला की पहिल्या दिवशी मी त्याला एकच गोष्ट सांगते: जनावराला गप्प करण्यासाठी औषध द्यायचं नाही. आमचा पेशंट तोंडाने काही सांगत नाही. तो लंगडतो, खात नाही, कान मागे पाडतो, कोपऱ्यात जाऊन बसतो. एवढंच त्याचं बोलणं. दुखणं थांबवायचं औषध मी रोज देते, पण ते त्याला आराम पडावा म्हणून. त्याने कामाला उभं राहावं म्हणून नाही. औषध तेच असतं. ते दिल्यावर जनावर झोपणार आहे की जुंपलं जाणार आहे, एवढाच काय तो फरक.

हा फरक किती लोकांना कळत नाही, त्याचा हिशोब ठेवला असता तर मी कधीच दवाखाना बंद केला असता. मानसरोवरच्या एका फ्लॅटमधून एक जोडपं आलं होतं, दोघंही पुण्याकडची, बोलायला गोड. त्यांचा बीगल दिवसभर भुंकायचा आणि सोसायटीने नोटीस लावली होती. कुत्र्याचा आवाज जाईल असं एक ऑपरेशन असतं ना, असं त्यांनी मला विचारलं. मी विचारलं की कुत्रा दिवसभर कुणाबरोबर असतो. तो एकटाच असतो, बाल्कनीत, दोघंही ऑफिसला जातात. मी म्हटलं, मग त्याचं बरोबर आहे, मीही भुंकले असते. त्याला सोबतीला कुणीतरी ठेवा, सकाळी तासभर पळवा, भुंकणं निम्म्यावर येईल. ते हसले, थँक यू म्हणाले आणि घरी जाऊन त्यांनी इंटरनेटवर लिहिलं की डॉक्टर उद्धट आहेत. एक तारा दिला. तो एक तारा मला एखाद्या पदकाहून प्रिय आहे.

पण आज मला घोडीबद्दल बोलायचं आहे.

जयपुरात लग्नाच्या हंगामाला सावे म्हणतात. सावे लागले की शहरातल्या पांढऱ्या घोड्यांना विसावा नसतो. एका संध्याकाळी दोन-दोन, तीन-तीन वराती. पायाला लोखंडी नाल, खाली डांबर, कानाशी बँड, डोळ्यांपुढे फटाके आणि पाठीवर घाबरलेला नवरदेव. घोडी नाचते असं तुम्ही म्हणता. ती नाचत नाही हो. ती कुठला पाय कुठे टेकवावा ते शोधत असते.

मागच्या फेब्रुवारीत, त्या वरातीच्याच आठवड्यात, भँवरजी त्यांची घोडी घेऊन दुपारी माझ्या गल्लीत आले. भँवरजी जुने घोडीवाले, माझ्याकडे वर्षानुवर्षं येणारे. घोडी पांढरीशुभ्र, वरचा ओठ अर्धा गुलाबी, डाव्या कानाला खाच. मी तिला गल्लीत चालवायला सांगितलं. घोडं पुढच्या पायाने लंगडतंय का हे ओळखायचं असेल तर पायाकडे बघायचं नाही, डोक्याकडे बघायचं. दुखरा पाय जमिनीला टेकला की डोकं वर उचललं जातं. हिचं डोकं प्रत्येक दुसऱ्या पावलाला वर जात होतं. खुराच्या वरचा सांधा गरम होता. तिथलं हाड दाबलं तर घोडीने मला जवळजवळ भिंतीवर ढकललं. एक्स-रे काढला. हाडाला उभा तडा होता, काचेला जातो तसा.

असा तडा जुळतो. प्लास्टर घालून घोडी महिनोन्‌महिने उभी ठेवली तर नीट जुळतो. तिला चालवली तर त्याच हाडाचे तुकडे होतात, मग कुणीही काही करू शकत नाही. हे सगळं मी भँवरजींना हिंदीत, हात करून, फोटो दाखवून समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “डॉक्टर साब, बस ये सावे निकल जाएँ। आप सुन्न वाली सुई लगा दो।”

सुन्न वाली सुई म्हणजे पाय बधिर करायचं इंजेक्शन. दातांचे डॉक्टर देतात तसंच. ते दिलं की घोडीला पाऊल आहे हेच कळत नाही. लंगडणं थांबतं. घोडी ऐटीत चालते, तडा गेलेल्या हाडावर पूर्ण भार टाकून. मी नाही म्हणून सांगितलं, आणि जरा वरच्या आवाजात सांगितलं. पायाला तात्पुरती पट्टी बांधली, प्लास्टरसाठी दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. ते हो म्हणाले आणि आले नाहीत. मला वाटलं, गावी नेली असेल.

आता सुनंदाबद्दल सांगते. मंडळात तिला कोण ओळखत नाही? ती नागपूरची, मी अमरावतीची, जयपुरात आलो तेव्हापासूनच्या मैत्रिणी. माझं बाळंतपण तिने केलं, तिच्या सासूच्या आजारपणात मी तिच्याकडे राहिले. तिचा मुलगा आशय माझ्या डोळ्यांसमोर वाढला. लहानपणी मांजराने जखमी केलेली एक खार तो शाळेच्या डब्यात घालून माझ्याकडे घेऊन आला होता. रडून रडून त्याचे डोळे सुजले होते. ती खार वाचली. मागच्या फेब्रुवारीत आशयचं लग्न झालं. मुलगी इथलीच, जयपूरची.

सुनंदाचं म्हणणं असं की मुलीकडच्यांना कमी वाटायला नको. म्हणून लग्न आपल्या पद्धतीने, गोरज मुहूर्तावर, पण नवरा घरून निघणार तो इथल्या रिवाजाने, घोडीवर. इथे नवरदेव निघण्याआधी घरच्या बायका घोडीच्या आयाळीत लाल-पिवळा दोरा गुंफतात आणि तिला भिजवलेली हरभऱ्याची डाळ खाऊ घालतात. सुनंदाने हे सगळं शेजारणींकडून शिकून घेतलं होतं. दुपारी आम्ही सगळ्या नटूनथटून तिच्या दारात जमलो. बँडवाले सूर जुळवत होते. आशय साफा बांधून घोडीवर बसला. सुनंदाने डाळीचं ताट माझ्या हातात दिलं.

“शैला, तूच भरव बाई. तुला घोड्यांचं समजते.”

मी डाळ हातावर घेऊन घोडीच्या तोंडाशी नेली. तिने हुंगली आणि तोंड फिरवलं. पुन्हा नेली, पुन्हा फिरवलं. मागून कुणीतरी म्हणालं की हे चांगलं नसतं. सुनंदाचा चेहरा पडला. आणि मला कपाळपट्टीच्या झालरीखाली अर्धा गुलाबी ओठ दिसला. मी कानावरची झालर बाजूला केली. खाच होती.

माझी पट्टी काढून टाकलेली होती. सांधा सुजलेला होता आणि तरी ती चारही पायांवर सरळ उभी होती. मी खाली बसले, पैठणीसकट रस्त्यावर बसले. पदराची पिन काढली आणि तिच्या त्या पायाला, टाचेच्या वर, टोचली. घोडी हलली नाही. अजून टोचली. काहीच नाही. मग दुसऱ्या पायाला नुसती टेकवली तर तिने तो झटक्यात वर घेतला. सगळ्यांच्या समोर, भर उजेडात मी हे करून दाखवलं. पाय बधिर केलाय याचा याहून स्वच्छ पुरावा जगात नसतो.

आणि काय झालं? आशयचे काका पुढे आले. मोठ्या बँकेत मोठ्या हुद्द्यावर होते, शिकलेसवरलेले गृहस्थ. ते हसून सगळ्यांना म्हणाले की बघा, घोडीला काही होत नाहीये. मग मला म्हणाले, “अहो डॉक्टर, तिला दुखतच नाहीये, तर तुमची हरकत काय आहे?”

आजही ते वाक्य आठवलं की डोक्यात तिडीक जाते. कारण तुमच्यापैकी कित्येकांनी माना डोलावल्या. मी सांगितलं, “दुखत नाहीये म्हणूनच ती मोडेल.” पायाला तडा आहे, मी स्वतः बघितलाय, लग्नाच्या गार्डनपर्यंत गेली तर परत चालायची नाही. कुणी म्हणालं की अर्ध्या किलोमीटरचाच प्रश्न आहे. कुणी म्हणालं की मुहूर्त जातोय. बँडवाल्यांनी वाद ऐकू येऊ नये म्हणून की काय, आणखी जोरात वाजवायला सुरुवात केली. संपादकसाहेब, तुम्ही नाचत होतात.

मी लगाम धरला आणि सोडला नाही. आशयला म्हटलं, उतर. तो वरून माझ्याकडे बघत होता, साफ्याखाली घामाघूम. जयपुरात वाढलेला मुलगा, त्याचं मराठी असं मध्येच हिंदीत घसरतं.

“काकू, मतलब, आजच्या दिवस तरी नको ना. प्लीज.”

“उतर, आशय.”

तेवढ्यात सुनंदाने माझा दंड धरला. घट्ट धरला, बांगड्या रुतल्या. “तू काय करून राहिली हे? माझ्या घरचं लग्न आहे.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. तरी मी लगाम सोडला नाही. शेवटी काकांनी दुसऱ्या बाजूने घोडीला ओढलं. ती वळली आणि ते बधिर पाऊल उलटं दुमडलं. घोडी झोकांडली, आशय पुढे तिच्या मानेवर आपटला, साफा डोळ्यांवर आला. पाऊल परत सरळ झालं, पण आशयने खाली उडी मारली. दयेने नाही, भीतीने उतरला. मला तेही चालतं.

कुणाच्या तरी मित्राची उघडी जीप होती. तिला दोन हार अडकवले आणि नवरदेव तिच्यात उभा राहून गेला. वरात वेळेवर पोहोचली. मुहूर्त टळला नाही. अक्षता पडल्या, जेवणं झाली, दालबाटी उत्तम होती असं ऐकते. नुकसान काय झालं? अल्बममध्ये नवरदेव घोडीवर नाही, जीपमध्ये आहे. एवढंच. तेवढ्यासाठी मंडळाच्या हळदीकुंकवात माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायला लागली आणि मागे माझं नाव पडलं, घोडीवाली बाई. एका धडधाकट घोडीसाठी हिने मैत्रिणीच्या लग्नात तमाशा केला, असं तुम्ही म्हणता. म्हणता, कारण तुम्ही निघून गेलात. पुढे काय झालं ते तुम्ही बघितलंच नाही. आता ऐका.

बँडचा आवाज लांब गेला. रस्त्यावर मी, भँवरजी आणि घोडी राहिलो. डाळीचं ताट कुंपणाच्या भिंतीवर तसंच होतं. मी जनावरं न्यायची गाडी बोलावली होती, तिला वेळ लागत होता. घोडी कडुलिंबाखाली उभी होती. हळूहळू सुईचा असर उतरायला लागला. आधी तिने कान मागे पाडले. मग तिच्या मानेवरून घामाच्या धारा लागल्या, फेब्रुवारीच्या थंडीत. मग तो पाय तिने जमिनीवरून उचलला आणि हवेत तसाच धरून ठेवला, थरथरत. टेकवायला जायची आणि परत उचलायची. तिचं सगळं अंग हलत होतं. पूर्ण दुपारचं दुखणं तिला एकदम कळत होतं. मी गाडी चालवत आले होते म्हणून औषधांची पेटी डिकीत होती. मी तिला वेदनाशामक दिलं, कापूस आणि बांबूच्या पट्ट्यांनी पाय बांधला. पैठणीचं काय झालं ते विचारू नका.

भँवरजी मटकन खाली बसले. “या तो म्हारी बेटी छै, साब,” म्हणाले आणि डोळे पुसायला लागले. बेटी आहे तर तिचा पाय बधिर करून तिला रस्त्यावर कशाला आणलीत, असं मी विचारलं. त्या माणसाला रडताना बघूनही मला दया आली नाही. सुई कुणी दिली ते विचारलं तेव्हा ते डोळे पुसायचे थांबले. मग म्हणाले, “आप ही के सिखाए हुए डॉक्टर साब ने।”

म्हणजे अनुराग. माझ्याकडे त्याने किती वर्षं काम केलं. हुशार मुलगा, हात हलका. आता त्याचा स्वतःचा दवाखाना आहे, काचेच्या दारांचा, आत थंडगार, आणि प्रवेशाशीच मोठ्या अक्षरांत मूल्यं लिहिलेली आहेत. त्यातलं पहिलं असं की जे बोलू शकत नाहीत त्यांचं आम्ही ऐकतो. उद्घाटनाला मीच फीत कापली होती.

दुसऱ्या दिवशी मी त्याला फोन केला. त्याने नाकारलं नाही. तो शांतपणे म्हणाला की मॅडम, मी दिली नसती तर भँवरजींनी स्वतः टोचली असती, घाणेरड्या सुईने. मी निदान स्वच्छ दिली, मापात दिली. आपण नाही म्हटल्याने जनावराचं काम थांबतं का? हे बोलणं मूर्खाचं नव्हतं. आमच्या धंद्यात पुष्कळ चांगले लोक असंच बोलतात आणि त्यांना रात्री झोपही लागते. मी त्याला एवढंच म्हटलं की घाणेरडी सुई टोचणारा माणूस घाबरत घाबरत टोचतो, कारण आपण चूक करतोय हे त्याला माहीत असतं. तू टोचलीस म्हणून भँवरजींची भीती गेली. डॉक्टरनेच दिली म्हटल्यावर त्यात चूक ती काय राहिली? आणि ती पाटी काढून टाक, असंही सांगितलं. त्याने फोन ठेवला. पाटी अजून आहे, मी मुद्दाम तिकडून जाऊन बघून आले.

अनुरागला मी खूर कापायला शिकवलं, शीर शोधायला शिकवलं, टाके घालायला शिकवलं. पहिल्या दिवशी सांगितलेली ती एक गोष्टही त्याने नीट ऐकली होती. सांगितलेलं ऐकणं आणि समोर गिऱ्हाईक हात जोडून उभं असताना नाही म्हणणं, यांत फार अंतर असतं. ते अंतर कसं शिकवायचं ते मला अजून कळलेलं नाही. याचं मात्र मला वाईट वाटतं. रागापेक्षा जास्त वाटतं.

घोडी माझ्या मागच्या अंगणात वाळू पसरून, प्लास्टर घालून पाऊस सुरू होईपर्यंत उभी होती. पाय जुळला. थोडा वाकडा जुळला, कारण त्या दुपारी तडा वाढला होता. वरातीला ती आता कधीच जाणार नाही. भँवरजी तिला घरी घेऊन गेले, दारात बांधतात आणि मला भेटले की नजर खाली घालतात. घालू देत.

तर संपादकसाहेब, पाच मुद्दे काही जमले नाहीत. एकच होता, तो वर कुठेतरी आलाय. छापायचा तर छापा.

शेवटचं हे सुनंदासाठी. ती माझा फोन घेत नाही, पण मंडळाचा अंक ती पहिल्या पानापासून वाचते हे मला माहीत आहे. सुनंदा, घोडीने डाळ नाकारली म्हणून तू घाबरलीस, मुलाच्या संसारासाठी काहीतरी शांत करून घेतलीस, असं कानावर आलं. तू मला विचारलं असतंस तर तुझी ती काळजी तेव्हाच गेली असती. त्या दिवशी डाळीचं ताट मी गाडीत घालून माझ्याकडे आणलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी, औषधाने घोडीला रात्रभर आराम मिळाल्यावर, मी तीच डाळ तिच्यासमोर धरली. तिने सगळी खाल्ली. माझ्या हातावरची चाटून पुसून खाल्ली आणि ताट नाकाने ढकलून आणखी मागितली. तुझ्या घरची डाळ, तू माझ्याच हातात दिलेली.

ताट घासून ठेवलंय. न्यायला तूच ये, ड्रायव्हरला पाठवू नकोस.